फ्लास्कमधला हिवताप

आठवडाभर मी एका प्रयोगशाळेत हिवतापाचे जंतू वाढवायचे आणि रविवारी खराडीला जाऊन हिवतापाविरुद्ध भाषण करायचे. पुण्यात वारज्याच्या आमच्या घरात यावर विनोद व्हायचे. "सोमवार ते शनिवार पेरणी, रविवारी फवारणी," असं माझा भाऊ म्हणायचा. तो तेव्हा कॉम्प्युटरच्या क्लासला जात होता आणि जगात सगळं उत्तम चाललंय असं त्याचं मत होतं. मला तो विनोद आवडायचा नाही. त्या काळात मला कुठलाच विनोद आवडायचा नाही.

फार जुनी गोष्ट नाही ही. खराडीतल्या त्या निळ्या काचांच्या इमारती तेव्हा उभ्या राहत होत्या.

जंतू वाढवणं म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुढची सगळी लाज तिथूनच निघते. एक चपटा फ्लास्क. त्याच्या तळाशी माणसाच्या तांबड्या पेशींचा पातळ थर, वर गुलाबी पाणी, म्हणजे जंतूंचं जेवण. ते रोज बदलायचं. या जंतूंना आपल्याइतका प्राणवायू सोसत नाही. म्हणून फ्लास्कचं बूच सैल करून तो जाड काचेच्या भांड्यात ठेवायचा, शेजारी मेणबत्ती पेटवायची आणि ज्योत विझायला आली की झाकण घट्ट बसवायचं. नवीन आलेला प्रत्येक जण विचारायचा, "वाढदिवस कुणाचा?" पेशी ओ गटाच्या लागायच्या आणि माझा गट ओ. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी मला प्रेमाने चहाला बोलावलं की बाकीचे समजून जायचे, रक्त संपलंय.

रोज सकाळी फ्लास्कच्या तळाचा एक थेंब काचपट्टीवर ओढायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. त्यात जंतूंचं अख्खं कुटुंब दिसायचं. बारीक अंगठीसारखी पोरं, फुगलेले मधल्या वयाचे, आणि फुटायला आलेले म्हातारे, द्राक्षांच्या घडासारखे. एका नजरेत मी सांगू शकायचे, फ्लास्क किती भरलाय, कुठल्या वयाचे जास्त आहेत, उद्या काय होणार. मॅडमसुद्धा मला विचारायच्या. या डोळ्यांचा मला फार गर्व होता.

दुसरा गर्व पत्रकांचा. पत्रक कसं लिहायचं ते मला मजुरांसाठी काम करणाऱ्या आमच्या गटाच्या निमंत्रकांनी शिकवलं होतं. पहिल्या ओळीत दोषी, दुसरीत पीडित, शेवटी मागणी. 'बहुधा' आणि 'कदाचित' हे शब्द नारायण पेठेतल्या छापखान्यात पोचायच्या आधीच ते लाल पेनाने उडवायचे. "कदाचित हवं असेल त्यांच्यासाठी विद्यापीठ आहे. तिथे कँटीनही बरं आहे," म्हणायचे. मी खाली मान घालून ती ओळ पुन्हा लिहायचे, आणि खरं सांगायचं तर ती जास्त चांगली व्हायची.

खराडीच्या साइटवर पत्र्याच्या खोल्यांत गोंदिया-गडचिरोलीकडची माणसं राहायची. पाण्याच्या टाक्या उघड्या, सांडपाणी दारात, डास इतके की बोलताना तोंडात जायचे. बिल्डरने टाक्यांना झाकणं आणि खोल्यांना मच्छरदाण्या द्याव्यात ही आमची मागणी होती, आणि ती आजही मला शंभर टक्के बरोबर वाटते. मजुरांचा मुकादम खराडी गावातलाच. त्याच्या घरची शेती आयटी पार्कात गेली होती आणि आता तो त्याच जमिनीवर माणसं पुरवत होता. आम्ही त्याच्याबद्दल छापलं होतं की आजारी मजुराला हा जीपमध्ये घालतो, स्टेशनवर सोडतो आणि साइटवर हिवताप नाहीच म्हणून सांगतो. तसं घडलं होतं का? ऐकलं होतं. पत्रकात मात्र ठाम होतं.

रविवारी आम्ही तिथे टेबल मांडायचो. एका कॉलेजने टाकून दिलेला मायक्रोस्कोप होता, आरशाने ऊन पकडून चालणारा. आमचे डॉक्टर एकाआड एक रविवारी यायचे. ते नसताना पद्धत अशी: मी बोट टोचून काचपट्टी बघायची. जंतू थोडे असतील तर डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या गोळ्या द्यायच्या, फार असतील तर दवाखान्यात पाठवायचं. थोडे म्हणजे किती आणि फार म्हणजे किती, हे कुणी विचारलं नाही. मला कळतं, असं सगळ्यांनी धरलं होतं. सगळ्यांत आधी मीच.

त्या रविवारी डॉक्टर नव्हते. एक मजूर बायकोला धरून घेऊन आला. मी त्याला दादा म्हणायचे आणि तिला वहिनी, तशी दोघंही माझ्याच वयाची. नणंदेच्या लग्नाला गावी जाऊन ती दोघं नुकती परतली होती. वहिनीला ताप होता, उलट्या होत होत्या. ती खांबाला टेकून बसली. मी विचारलेल्या प्रश्नांना तिच्याऐवजी दादाच उत्तरं देत होता. याचं मला काही वाटलं नाही. बायकांच्या वतीने नवरे बोलतात, यावर मी एक पत्रकही लिहिलं होतं.

मी बोट टोचलं, पट्टी रंगवली, वाळवली, डोळा लावला. अंगठ्या होत्या, पण तुरळक. कुठे एक, कुठे दोन. फुगलेला एकही नाही, घड एकही नाही. आणि मग एकदम ती दिसली: चंद्रकोर. हिवतापाच्या जंतूचं नरमादीचं रूप, जे डासाच्या पोटात जाऊन पुढचा संसार मांडतं. आमच्या फ्लास्कमधला वाण वर्षानुवर्षं फ्लास्कमध्येच राहिलेला. त्याने चंद्रकोरी करणं कधीच सोडून दिलं होतं. मी ती फक्त पुस्तकात पाहिली होती. मी ओरडलेच. "या, या, सगळे या, चंद्रकोर बघा!" आमचे कार्यकर्ते रांगेने येऊन बघून गेले. मी दादालाही बोलावलं. "बघा ना दादा, वहिनींच्या रक्तात काय सुंदर दिसतंय."

त्याने एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं. माझं मन राखायला म्हणाला, "चांगली दिसते जी."

हे वाक्य मला अजून ऐकू येतं. आंघोळ करताना, सिग्नलला थांबले असताना, कुठेही.

मग मी निकाल दिला. "घाबरू नका. हलका आहे. मोठे जंतू एकही नाहीत, म्हणजे आत्ता कुठे सुरुवात आहे. या गोळ्या द्या, पाणी भरपूर द्या."

मुकादम तिथेच उभा होता. "ताई, तिचा चेहरा बघा की जरा," तो म्हणाला. "जीप उभी हाय. दवाखान्यात टाकून येतो."

"आज बरी माया आली?"

"माया कसली? माणूस आजारी हाय."

"दवाखान्यात की स्टेशनवर? जीप कुठे जाते ते आम्ही छापलंय."

"छापलंय ते वाचलंय मी. शुद्धलेखन लय चांगलं हाय तुमचं."

कार्यकर्ते हसले नाहीत, पण मजूर हसले आणि माझं डोकं फिरलं. मी दादाकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "यांच्या गाडीत बसू नका. बसलात तर परत या साइटवर दिसणार नाही. मी तपासलंय ना? हलका आहे."

दादाने मुकादमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ताई म्हनते तं राहू द्या," तो म्हणाला, आणि बायकोला धरून खोलीकडे घेऊन गेला. टाळ्या वाजल्या नाहीत, पण मला वाजल्यासारख्या वाटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचपट्टी मी प्रयोगशाळेत नेली. मॅडमना भेट म्हणून. चंद्रकोर बघून त्या खूश होतील असं वाटलं होतं. त्यांनी पट्टी लावली, इकडून तिकडे सरकवली.

"छान. कुणाची?"

"खराडीच्या एका बाईंची. हलकं इन्फेक्शन आहे मॅडम, फक्त अंगठ्या."

"मोठे कुठे गेले?"

"नाहीतच ना. सुरुवात आहे."

मॅडमनी मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला. "चंद्रकोर दिसायला आठवड्याहून जास्त लागतो, हे तू परीक्षेत लिहिलं असशील. मार्कही घेतले असशील. मग सुरुवात कशी?"

मी वाकून पुन्हा डोळा लावला. अंगठ्याच.

"अगं, मोठे नाहीत असं नाही. ते फिरतीवर नाहीत. मोठा जंतू ज्या पेशीत असतो तिच्या अंगावर बारीक गाठी येतात, आणि त्या गाठींनी ती शिरेच्या आतल्या भिंतीला चिकटून बसते. मेंदूत, मूत्रपिंडात. फिरत राहिली तर प्लीहा तिला गाळून टाकेल म्हणून. बोटाच्या थेंबात येतात ती नुसती पोरं. थेंबात चार दिसले तर आत किती आहेत, ते थेंब सांगत नाही."

"पण आपल्या फ्लास्कमध्ये तर सगळ्या वयाचे..."

"आपल्या फ्लास्कमध्ये प्लीहा आहे?"

"नाही."

"शिरा आहेत? डास आहे? रोज सकाळी तू जेवण वाढतेस, घाण काढतेस, ताज्या पेशी आणून देतेस. तिथे गाठींचं करायचं काय? त्या बनवायलाही कष्ट पडतातच. ज्यांच्यात त्या बनवायची सोयच गळून गेली ते भराभर वाढले, बाकीचे मागे पडले. चंद्रकोरींचंही तेच. तू जो रोज बघतेस तो फ्लास्कमध्ये राहायला शिकलेला जंतू आहे. माणसाला मारायचं कसं, ते त्याच्याकडे आता उरलेलं नाही." त्यांनी पट्टी काढून माझ्या हातात दिली. "बाई कुठल्या दवाखान्यात आहे?"

"खोलीवर आहे."

"मग तू इथे काय करतेयस?"

नगर रस्त्यावर स्कूटी चालवताना मी काय विचार करत होते? लिहायला हवं म्हणून लिहिते: कुणाला कळेल का, हा. तिला काय झालं असेल हा विचार दुसरा आला.

खोलीत शेजारच्या बायका ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसत होत्या. डोळे अर्धे उघडे. मी हाक मारली, चिमटा काढला, काही नाही. दादा उशाशी बसला होता. "निजली हाये जी," म्हणाला. "कालपासून बोलत नाही. तुमी हलका म्हनलं होतं, तं म्हनलं झोपू द्यावं."

रिक्षा त्या चिखलात यायची नाही. मी मुकादमाच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे कंटेनर. तो डबा उघडून जेवत होता.

"या ताई. आज काय, जिंदाबाद का मुर्दाबाद?"

"जीप हवी आहे."

त्याने घास तसाच ठेवला. एवढंही म्हणाला नाही की काल सांगत होतो. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. त्याने हात धुतला, किल्ली घेतली. वहिनीला आम्ही चादरीत उचलून मागच्या सीटवर ठेवलं, डोकं दादाच्या मांडीवर. मी पुढे बसले, मुकादमाच्या शेजारी. साइटवरचे सगळे बघत होते.

येरवड्याच्या अलीकडे तो हळूच म्हणाला, "एक सांगतो ताई. साइटचं नाव नका सांगू तिथं. कंपनीवाले मला काढत्यात."

म्हणजे आम्ही छापलं होतं तसलाच तो होता, निदान अर्धा. आणि मी, जिने हे छापलं होतं, म्हणाले, "नाही सांगणार." कारण जीप त्याची होती, आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी पत्ता विचारला. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "खराडी." एवढंच. मग डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" दादा म्हणाला, "तपासलं होतं जी." कुणी, ते त्याने सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारलंही नाही. त्यांनी क्विनीनची सलाईन लावली आणि वाचेल का विचारल्यावर म्हणाले, "बघू. काल आणली असती तर मी तुम्हाला जास्त गोड बोललो असतो."

त्या आठवड्यात मी फ्लास्कचं पाणी बदलायला जायचे आणि तिथून दवाखान्यात. दोन्हीकडे मला सवयीची कामं होती. एकदा मॅडमना म्हणाले, "मग इतकी वर्षं या जंतूवर आपण जे केलं ते खोटं का?"

"खोटं कशाला? खरंच आहे," त्या म्हणाल्या, "फ्लास्कबद्दल."

वहिनीला वाचवलं क्विनीनने, आणि तिच्या स्वतःच्या चिवटपणाने. शुद्धीवर आल्यावर तिने आधी दादाला रागावून विचारलं की खोलीला कुलूप कुणाच्या भरवशावर लावून आलास. तिच्या डाव्या हाताची मूठ मात्र पुढे कितीतरी दिवस नीट वळत नव्हती. घमेलं उचलायचं काम सुटलं.

गटाच्या बैठकीत निमंत्रक म्हणाले, "पत्रक लगेच काढू. तू तिथे होतीस, तूच लिही."

"मी लिहिलं तर पहिल्या ओळीत मीच येईन."

"का?"

मी सांगितलं. काचपट्टी, चंद्रकोर, जीप, सगळं. ते शांतपणे ऐकत होते. मग चष्मा पुसत म्हणाले, "वाईट झालं. पण तुझ्या चुकीची मागणी काय करणार? तुला झाकण बसवा म्हणू? टाक्या उघड्या आहेत, त्या तू उघड्या ठेवल्या नाहीस. पश्चात्ताप घरी करावा, तिथे कुणी ऐकायला असतं."

ते पूर्ण चूक नव्हते. तरीही मी लिहायला नकार दिला आणि तेवढ्यावर स्वतःला प्रामाणिक समजले. मग पत्रक त्यांनीच लिहिलं. मी ते छापून आल्यावर पाहिलं, वहिनी दवाखान्यातून परतल्यानंतरच्या रविवारी, खराडीत, वाटलं जात असताना. टाक्या होत्या, डास होते, मच्छरदाण्या होत्या. आणि एक ओळ होती: मरणासन्न मजूर स्त्रीला मुकादमाने गाडी नाकारली.

दादा दारात बसून ते वाचत होता. तो सातवीपर्यंत शिकलेला, ओळीवर बोट ठेवून वाचायचा. बोट थांबलं.

"ताई, हे चुकलं जी. गाडी तं त्यानं देली होती. तुमीच नाही म्हनलं."

तेव्हा मला कळलं की त्याला सगळं आठवत होतं. मला वाटत आलं होतं की शेवटी जीप मीच आणली म्हणून तो मला मान देतो. तो मान देत होता, कारण मी बोट टोचणारी होते आणि बोट टोचणारं दुसरं कुणी तिथे यायचं नाही.

मग जे त्याला माहीत नव्हतं ते मी सांगितलं. की ते रक्त मी बघितलं पण मला वाचता आलं नाही. की फ्लास्कमधले जंतू वेगळे असतात, मी तेच बघत आलेय, आणि तिच्या रक्तात जे दिसत नव्हतं ते नाहीच असं मी समजले. चंद्रकोर दाखवायला मी त्याला बोलावलं, तीच खरं तर ताप आत मुरल्याची, धोक्याची खूण होती. कितीही सोपं करून सांगितलं तरी ते वाक्यावाक्याला जास्त वाईट ऐकू येत होतं.

तो रागावला नाही. पत्रकाची घडी घालत राहिला, लहान, अजून लहान.

"म्हंजे मुकादमाचं आयकाव तं तो खोटा," तो म्हणाला. "तुमचं आयकाव तं तुमाले दिसत नाही. मंग आता आमी कोनाचं आयकाचं?"

पत्रकाला शेवटी मागणी लागते, ती मला येते. हा प्रश्न होता, आणि विचारलेला मला होता.

मी उठले आणि वाटलेली पत्रकं परत घ्यायला सुरुवात केली. दारोदार. प्रत्येक दारात विचारायचे, "काहून जी? काय झालं?" आणि प्रत्येक दारात सांगावं लागायचं की यात एक ओळ खोटी आहे, गाडी त्याने देऊ केली होती, मी नको म्हणाले. चौथ्या-पाचव्या दारापर्यंत आवाज लागत नव्हता. नंतर लागला, पण तो माझा भाषणाचा आवाज नव्हता. आमचे कार्यकर्ते लांबून बघत होते. एक जण म्हणाला, "अगं, नुसती ओळ खोडली असती." मुकादमाकडेही एक पत्रक होतं. मी हात पुढे केला तर त्याने ते खिशात घातलं. "राहू द्या की. फ्रेम करतो."

"टाक्यांची झाकणं?" मी विचारलं.

"ते वर विचारा," तो म्हणाला, आणि मला बरं वाटलं की निदान एका गोष्टीवर मी अजून त्याच्याशी भांडू शकते.

टेबलाशी परत आले तर तिथे एक बाई तापलेलं मूल घेऊन उभी होती, बोट टोचून घ्यायचं की नाही या विचारात. वहिनी खाटेवर बसून उजव्या हाताने लसूण सोलत होती. तिने सगळं ऐकलं होतं. पत्र्याच्या भिंतीला कान असायची गरजच नसते. ती त्या बाईला म्हणाली, "टोचून घे वं. हात हलका हाये तिचा, पोरगं रडाचं नाही. आन् मंग सरळ दवाखान्यात ने. ती काहीबी म्हनो."

मी सुई काढली. मूल खरंच रडलं नाही. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, ओढला, आणि पट्टी वाळायच्या आत त्या बाईला म्हणाले, "चला, मी येते बरोबर."